रोमच्या लेकी आणि ‘प्यादे’ नावाचा आळस

१/
प्राचीन रोमवरील मालिका, चित्रफिती आणि लोकप्रिय लेख यांतून एक वाक्य पुनःपुन्हा भेटते: रोमच्या उच्चकुलीन स्त्रिया म्हणजे राजकीय विवाहांच्या पटावरील प्यादी. बापाने उचलावे, जावयाच्या घरी ठेवावे, डाव मोडला की परत घ्यावे. वाक्यात करुणा आहे, म्हणून ते सहसा कोणी तपासत नाही. ते तपासले पाहिजे. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकातील स्त्रियांविषयी ते बव्हंशी खोटे आहे. आणि जेथे ते खरे ठरते, तेथे ते का खरे ठरले, हेच ते लपवते.

२/
प्रथम प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा. इ. स. पूर्व ८२. यादवी जिंकून सुल्ला रोमचा स्वामी झाला. तरुण सेनापती पॉम्पी त्याला आपल्या घराशी बांधून हवा होता. सुल्लाची सावत्र मुलगी एमिलिया विवाहित होती आणि गरोदरही. तिला नवऱ्यापासून तोडून पॉम्पीला देण्यात आले. त्यासाठी पॉम्पीने आपली पत्नी अँटिस्टिया हिला घराबाहेर काढले. त्याच सोयरिकीपायी तिच्या बापाचा खून झालेला होता. हे पाहून अँटिस्टियाच्या आईने आत्महत्या केली. एमिलिया थोड्याच दिवसांत बाळंतपणात गेली. यापेक्षा निर्घृण राजकीय विवाह शोधून सापडणार नाही.

३/
पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमिलियाचा जन्मदाता स्कॉरस तेव्हा हयात नव्हता. सुल्ला हा तिच्या आईचा नवा नवरा. कायद्याने त्याला तिच्यावर पित्याचा अधिकारच नव्हता. त्याच सुमारास त्याने तरुण जुलियस सीझरलाही पत्नी कॉर्नेलियाला सोडण्याचा हुकूम केला होता. सीझरने नकार दिला आणि पत्नीचा हुंडा गमावून त्याला लपून राहावे लागले. म्हणजे येथे जे चालले ते रोमची विवाहरीत नव्हे. एका माणसाची तलवार होती. हा धागा शेवटी याच मुद्द्याकडे परतेल.

४/
आता रीत काय होती ते पाहू. मराठी वाचकाच्या मनात विवाहाचे एक चित्र आधीच असते: लेक म्हणजे परक्याचे धन, लग्न झाले की नाव बदलते, गोत्र बदलते, माहेर हे पाहुणचारापुरते उरते. हेच चित्र नकळत रोमवर चिकटवले जाते. रोममध्ये तसा विवाह एकेकाळी होता. त्यात वधू नवऱ्याच्या ‘मानूस’खाली, शब्दशः त्याच्या ‘हाता’खाली जाई आणि कायद्याने जणू त्याची कन्या ठरे. पण इ. स. पूर्व पहिल्या शतकापर्यंत हा प्रकार मागे पडला होता. रूढ झालेला विवाह ‘मानूस’विरहित होता.

५/
या बदलाचे परिणाम दूरवर गेले. स्त्री नवऱ्याच्या घरी राहायला गेली तरी कायद्याने माहेरचीच राही. कुलनाम बापाचे. वारसाहक्क बापाच्या मालमत्तेत. बाप वारला की ती स्वतंत्र होई आणि मालमत्तेची धनीण बने. मोठ्या व्यवहारांना कायदेशीर पालकाची संमती लागे, परंतु तो पालक नवरा असण्याचे कारण नव्हते. पतीपत्नींनी एकमेकांना दिलेली मोठी दानेदेखील कायद्यात टिकत नसत. घटस्फोट दोन्ही बाजूंनी घेता येई, आणि तो झाला की हुंडा परत करण्याचे ओझे नवऱ्याच्या मानेवर बसे.

६/
हे केवळ कागदी नियम होते काय? रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात पुतळ्याची एक चौथरी आहे. पुतळा नाहीसा झाला, लेख उरला. तो ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया हिचा. लेखात तिची ओळख दोनच नात्यांनी दिली आहे: आफ्रिकानसची कन्या, ग्रॅकसांची माता. तिचा नवरा दोनदा कॉन्सुल आणि एकदा सेन्सॉर झालेला होता. त्याचे नाव लेखात नाही. हीच कॉर्नेलिया विधवा झाल्यावर ईजिप्तच्या टॉलेमी राजाचे स्थळ तिने नाकारले, असे प्लुटार्क सांगतो.

७/
दुसरा पुरावा पैशाचा. इ. स. पूर्व ४२ मध्ये युद्धखर्चाने हैराण झालेल्या त्रयीने, म्हणजे अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी, रोमच्या १४०० धनाढ्य स्त्रियांना मालमत्तेची मोजदाद करून युद्धासाठी रक्कम देण्याचा आदेश काढला. स्त्रिया थेट फोरममध्ये गेल्या आणि विख्यात वक्ता हॉर्टेन्शियस याची कन्या हॉर्टेन्शिया त्यांच्या वतीने बोलली. अॅपियनच्या इतिहासानुसार दुसऱ्या दिवशी तो आकडा ४०० वर आणावा लागला. त्रयीला ठाऊक होते की रोमची बरीचशी संपत्ती पत्नी, विधवा आणि लेकी यांच्या स्वतःच्या नावावर आहे. प्याद्यांकडून कोणी युद्धनिधी मागत नाही.

८/
राजकीय विवाहाचे यंत्र याच पायावर चालत होते. वधू सासरात पूर्ण विरघळून गेली असती, तर लग्नाच्या दिवशीच दोन घराण्यांमधला दुवा तुटला असता. ती दोन्हीकडची राहत होती, म्हणूनच सोयरिकीला राजकीय मोल होते. निरोप तिच्यामार्फत जात, रुसवे तिच्याकडे येत, तडजोडी तिच्या माजघरात ठरत. तिच्यासाठी मराठीत शब्द शोधायचाच तर तो दरबारातून घ्यावा लागेल: वकील. दुसऱ्या दरबारी कायम मुक्काम करून आपल्या घराचे हित पाहणारा.

९/
यातून स्वर्ग उभा करण्याचे कारण नाही. मुलीचे किमान विवाहवय १२ वर्षे होते. बाप हयात असेतो त्याची संमती अनिवार्य. आणि नंतरच्या काळातील विधिज्ञ अल्पियन तर म्हणतो की मुलीने उघड विरोध केला नाही म्हणजे तिची संमती धरावी. घटस्फोटानंतर मुले बापाकडे राहत. शिवाय ही सारी चर्चा मूठभर घराण्यांची आहे. त्यांच्या घरात राबणाऱ्या दासींना कायदेशीर विवाहाचाच अधिकार नव्हता. मुद्दा एवढाच की, अडचणीत असलेली व्यक्ती आणि पटावरील लाकडी सोंगटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१०/
सर्वांत बोलका दाखला सिसेरोच्या घरातला. इ. स. पूर्व ५० मध्ये तो सिलिशिया प्रांताचा सुभेदार होता. एकीकडे तो आपला पूर्वसुभेदार अॅपियस क्लॉडियस याची मर्जी राखण्यासाठी आटापिटा करत होता. दुसरीकडे रोममध्ये दोलाबेला नावाचा तरुण त्याच अॅपियसवर खटला भरत होता. त्याच वेळी सिसेरो आपली कन्या तुलिया हिच्यासाठी स्थळ पाहत होता. टायबेरियस क्लॉडियस नेरो नावाचा वर त्याला पसंत पडला. त्याने विश्वासू माणसे रोमला धाडली.

११/
माणसे पोहोचली तेव्हा तुलियाची सोयरीक ठरून गेली होती. ती ठरवली होती तिने आणि तिची आई टेरेन्शिया हिने. वर कोण? दोलाबेला. ज्याची मर्जी राखायची त्याच्यावरच खटला भरणाऱ्याचा सिसेरो एका रात्रीत सासरा झाला. अॅपियसला लिहिलेल्या पत्रात त्याने केलेली सारवासारव आजही वाचण्यासारखी आहे: आपण इतके दूर असल्यामुळे, आपल्याला न विचारता योग्य वाटेल ते करा, असे घरच्या स्त्रियांना सांगून ठेवले होते. रोमचा सर्वश्रेष्ठ वक्ता, माजी कॉन्सुल आणि कायद्याने कन्येचा सर्वाधिकारी. आणि ‘पट’ त्याच्या पाठीमागे मांडला गेला होता.

१२/
पुढील वर्षी यादवी पेटली. सिसेरो पॉम्पीच्या बाजूला गेला, दोलाबेला सीझरच्या. पॉम्पीचा पाडाव झाल्यावर सिसेरोने इटलीत परतावे असा निरोप सीझरने धाडला, तो जावई दोलाबेलाच्याच हातून. संसार मात्र वाईट ठरला. दोलाबेला कर्जबाजारी आणि बाहेरख्याली निघाला. काडीमोड घ्यावा की राजकीय भीतीपोटी थांबावे, या घालमेलीत बापाने वेळ घालवला, अखेर इ. स. पूर्व ४६ मध्ये विवाह तुटला. पुढल्या फेब्रुवारीत, बाळंतपणानंतर, तुलिया मरण पावली. निवड तिची होती आणि दुःखही तिचे होते. ‘प्यादे’ म्हटले की पहिली गोष्ट पुसली जाते आणि दुसरीचे वजन कमी होते.

१३/
आता अँटियम, जून इ. स. पूर्व ४४. सीझरच्या हत्येला तीन महिने होत आले होते. मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस यांना सिनेटने धान्यखरेदीचे किरकोळ काम देऊ केले होते. हा अपमान गिळावा की नाही, याची खलबते चालली होती. बैठकीला ब्रूटसची आई सर्व्हिलिया, पत्नी पोर्शिया आणि कॅशियसची पत्नी टर्शिया उपस्थित होत्या. सिसेरो झाल्यागेल्या चुकांचे पुराण सांगू लागताच सर्व्हिलियाने त्याला मध्येच तोडले. तो गप्प बसला, आणि हे त्याने स्वतःच मित्राला लिहून कळवले. धान्याची ती नेमणूक सिनेटच्या ठरावातून काढून टाकण्याची हमीही तिनेच दिली.

१४/
सर्व्हिलियाकडे पद नव्हते, सैन्य नव्हते. होते ते सोयरिकींचे जाळे. एक जावई कॅशियस. दुसरा लेपिडस, जो पुढे कॅशियसच्या शत्रूंच्या त्रयीत बसला. तिसरा इसॉरिकस, जो सीझरच्या जोडीने कॉन्सुल झालेला. सावत्र भाऊ केटो, सीझरचा कट्टर वैरी. सीझर स्वतः तिचा दीर्घकाळचा प्रियकर. फुटलेल्या रोमच्या प्रत्येक तुकड्यात तिचे एक दार उघडे होते. या स्त्रीला ‘प्यादे’ म्हणण्यासाठी सिसेरोची पत्रे न वाचण्याचा निश्चय करावा लागतो.

१५/
ऑक्टेव्हियाची कहाणी नेहमी शालीन, सोशिक पत्नी म्हणून सांगितली जाते. इ. स. पूर्व ४० मध्ये ब्रुंडिझियमच्या तहानंतर तिचा अँटनीशी विवाह झाला. पहिला नवरा नुकताच वारला होता; वैधव्याचे १० महिने पुरे होण्याआधी विवाह करता यावा म्हणून सिनेटने नियम शिथिल केला. विवाह तहाचे कलम होता, यात वाद नाही. पण कलम ठरल्यावर तिने काय केले, ते पाहावे.

१६/
इ. स. पूर्व ३७. भाऊ ऑक्टेव्हियन आणि नवरा अँटनी पुन्हा युद्धाच्या उंबरठ्यावर होते. टॅरेंटमला मध्यस्थी ऑक्टेव्हियाने केली. अँटनीने भावाला जहाजे द्यायची, ऑक्टेव्हियनने त्याला सैन्य द्यायचे असे ठरले. याखेरीज तिने भावासाठी नवऱ्याकडून २० हलकी जहाजे आणि नवऱ्यासाठी भावाकडून १००० सैनिक मिळवले, असे प्लुटार्क नोंदवतो. दोन्ही बाजूंना वाढीव काही मिळवून देणारा हा हिशेब कसलेल्या मुत्सद्द्याचा आहे.

१७/
इ. स. पूर्व ३५ मध्ये ती २००० निवडक सैनिक, पैसा आणि कपडालत्ता घेऊन नवऱ्याकडे निघाली. अथेन्सला अँटनीचे पत्र आले: पुढे येऊ नकोस. भावाने सांगितले, त्याचे घर सोड. तिने सोडले नाही. ती रोममधील अँटनीच्या घरात राहिली, त्याची आधीच्या पत्नीपासूनची मुलेही सांभाळली आणि त्याच्या माणसांची कामे भावाकडून करून घेत राहिली. ऑक्टेव्हियनला बहिणीच्या अपमानाचे निशाण युद्धासाठी हवे होते. तिचे त्या घरात राहणे हा त्या युद्धाला नकार होता. इ. स. पूर्व ३२ मध्ये अँटनीचा घटस्फोट आला तेव्हाच तिने उंबरठा ओलांडला. तिला दुःख याचे होते, असे प्लुटार्क लिहितो, की युद्धाच्या कारणांत आपलेही नाव लागेल.

१८/
‘प्यादे’ या कथेची एक जुळी बहीण आहे: ‘कारस्थानी बाई’. फुल्विया, अँटनीची आधीची पत्नी, इ. स. पूर्व ४१-४० च्या पेरुसियाच्या संघर्षात दीर लुसियससोबत ऑक्टेव्हियनविरुद्ध उभी राहिली. गोफणीतून फेकलेल्या शिशाच्या गोळ्या तेथे सापडल्या आहेत. त्यांवर तिचे नाव घालून अश्लील शिव्या कोरलेल्या आहेत. ती वारल्यावर अँटनी आणि ऑक्टेव्हियन या दोघांनीही सारे खापर तिच्यावर फोडून हातमिळवणी केली. स्त्री हलली नाही तर सोंगटी, हलली तर कैदाशीण. दोन्ही कथांत राजकारण करण्याचा हक्क पुरुषाचाच उरतो.

१९/
मग प्यादी झालीच नाहीत काय? झाली. ऑगस्टस, म्हणजे तोच ऑक्टेव्हियन, एकटा सत्ताधीश झाल्यावर. इ. स. पूर्व १८ मध्ये त्याने विवाहाचे कायदे केले, इ. स. ९ मध्ये त्यांत भर पडली. अविवाहित राहण्याला वारसाहक्काचा दंड बसला. विधवांना आणि घटस्फोटितांना पुनर्विवाहाची मुदत ठरली. व्यभिचार हा पूर्वी घराण्याने निस्तरायचा प्रश्न. तो आता राज्याविरुद्धचा गुन्हा झाला. पत्नीचा व्यभिचार ठाऊक असूनही तिला न सोडणारा नवरा आता स्वतःच खटल्यास पात्र ठरू लागला.

२०/
त्याची एकुलती एक कन्या जुलिया. १४ व्या वर्षी ती आतेभाऊ मार्सेलस याला दिली. तो वारल्यावर बापाच्या वयाच्या अग्रिपाला दिली; त्यासाठी अग्रिपाने ऑक्टेव्हियाच्या मुलीला सोडले. तो वारल्यावर सावत्र भाऊ टायबेरियसला दिली. त्यासाठी त्याला आवडती पत्नी विप्सानिया सोडावी लागली. या तिन्ही लग्नांत व्याही कोण, हे विचारून पाहावे. मार्सेलसचा मामा ऑगस्टस. अग्रिपा हा ऑगस्टसचाच उजवा हात. टायबेरियसचा सावत्र बाप ऑगस्टस. दोन्ही बाजूंना एकच माणूस. दुसरे घरच नव्हते, मग वकिली कोणाकडे करायची?

२१/
इ. स. पूर्व २ मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून जुलियाला पांडाटेरिया बेटावर धाडण्यात आले. टायबेरियस तेव्हा रोड्सला होता. त्याच्या नावाने घटस्फोटाचे पत्र सासऱ्यानेच पाठवले. आई स्क्रिबोनिया, जिला ऑगस्टसने कन्येच्या जन्मदिवशीच सोडले होते, ती स्वखुशीने लेकीसोबत बेटावर गेली. जुलियाच्या वाट्याला माहेर म्हणून एवढेच उरले होते.

२२/
जुलियाची कन्या थोरली अग्रिपिना. इ. स. २६ मध्ये, विधवा आणि आजारी असताना, तिने सम्राट टायबेरियसकडे रडत मागणी केली: मला नवरा दे. त्याने उत्तर न देता पाठ फिरवली. तिचा नवा नवरा म्हणजे सत्तेचे नवे केंद्र, हे त्याला कळत होते. ही हकिकत इतिहासकारांनी टिपली नव्हती. अग्रिपिनाच्या कन्येच्या, म्हणजे नेरोच्या आईच्या, आठवणींतून ती घेतली, असे टॅसिटस सांगतो. ‘राजकीय विवाह म्हणजे स्त्रीवरील बळजबरी’ या सूत्रात हा प्रसंग बसवून दाखवावा. येथे बळजबरी होती ती विवाह न होऊ देण्याची.

२३/
आता सुल्लाकडे परतू. एमिलिया आणि जुलिया यांत साम्य कोणते? दोघींच्या वेळी रोममध्ये एकच घर इतर सर्व घरांच्या वर होते. तुलिया, सर्व्हिलिया, ऑक्टेव्हिया यांच्या वेळी बरोबरीची अनेक घरे होती; त्यांच्यामध्ये उभी राहणारी स्त्री बोलू शके, अडवू शके, सौदा करू शके. स्त्रीला सोंगटी बनवले ते सोयरिकीने नव्हे. दुसरा पक्षच न उरण्याने बनवले. त्याच काळात सिनेटरही सोंगट्या झाले. पण त्यांच्या बाबतीत आपण ‘प्रजासत्ताकाचा अंत’ असे भारदस्त शब्द वापरतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत ‘त्या काळी असेच होते’ म्हणून मोकळे होतो.

२४/
इ. स. २२. फिलिपीच्या लढाईनंतर ६३ वर्षांनी कॅशियसची विधवा आणि ब्रूटसची बहीण जुनिया टर्शिया वारली; अँटियमच्या बैठकीत बसलेली तीच. तिच्या अंत्ययात्रेत २० थोर घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे मिरवले गेले. ब्रूटस आणि कॅशियस यांचे मुखवटे नव्हते, आणि नेमकी तीच उणीव सर्वांत जास्त डोळ्यांत भरली, असे टॅसिटस लिहितो. तिने मृत्युपत्रात रोमच्या बहुतेक साऱ्या मान्यवरांचा सन्मानाने उल्लेख केला होता. टायबेरियस सम्राटाचा केला नव्हता. मालमत्ता तिची होती. कोणाचे नाव घालायचे, हेही तिनेच ठरवले.

(धागा समाप्त)